पापणी हलली नाही

११ जून, बुधवार

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

मंगळसूत्र गेलं. भर दुपारी, कोठीच्या बस स्टॉपवरून दुकानाकडं निघाले होते. ही माणसांची गर्दी, आणि गळ्याला एक हिसका बसला. गळ्याला हात लावला तर नुसती ओरखड्याची आग. मोटरसायकल पुढं निघून गेली तेव्हा कुठं मला दिसली. दोघं होते म्हणे. डावीकडून सावकाश आले, बराच वेळ माझ्या बाजूबाजूनं गाडी चालवली म्हणे. फुटपाथवरच्या बांगडीवालीनं सगळं पाहिलं. तीच मला विचारते, "अम्मा, वो लोगां तुमकोच देखते आरे थे, तुम कैसे नै देखे?"

नाही पाहिलं. खरंच नाही पाहिलं. जमिनीतून उगवल्यासारखे आले मेले!

प्रमोद धावत आला. (चारचौघांत मी नवऱ्याला अहो-जाहो करते, डायरीत कोण बघायला येतंय?) आधी पाणी पाजलं, पोलिसांत तक्रार लिहून दिली, आणि ऑटोत बसल्यावर हळूच म्हणाला, "त्रिवेणी, तुझं ध्यान कुठं असतं गं?"

माझं ध्यान! सुलतान बाजारात मॅचिंग सेंटर चालवते मी, लग्न झाल्यापासून. गिऱ्हाइकानं पदर नुसता दाखवायचा, मी रुबियाच्या थानांच्या भिंतीतून नेमकी शेड ओढून काढते. पिस्ता कुठला, पोपटी कुठला आणि मधला कुठला हे लांबून सांगते. आणि माझं ध्यान नसतं म्हणे.

कापडवाल्यानं दिलेली ही डायरी जानेवारीपासून कोरी पडून होती. आज झोप येणार नाही, म्हणून काढली.

१६ जून, सोमवार

रडत बसणारी मी नव्हे. आज कराटेच्या क्लासला नाव घातलं!

बडी चावडीच्या मागं एका शाळेच्या गच्चीवर संध्याकाळी युसूफ सर क्लास घेतात. पांढरी दाढी, कमरेला रंग उडालेला काळा पट्टा, आवाज मात्र एकदम मऊ. विद्यार्थी सगळे आठ-दहा वर्षांचे. त्यांच्या रांगेत बावन्न वर्षांची मी, प्रमोदच्या जुन्या ट्रॅक पँटमध्ये. पोरं खी-खी हसली. सरांनी हसू दिलं, मग म्हणाले, "आपा, हात-पांव बादमें. पैले ध्यान. मारने वाला तुम्हारे हात से नै डरता, तुम्हारी नजर से डरता."

असं बोलणारा माणूस मला पटतोच. माझ्या नजरेची परीक्षा घ्या म्हणावं कुणीही.

सरांचा एक नियम आहे. रोज निजण्याआधी लिहायचं, आज लक्ष कुठं सुटलं ते. म्हणजे डायरी काढली ती बरोबरच होती.

२४ जून, मंगळवार

आज पापणीचा सराव. समोर ताठ उभं राहायचं. सर मूठ सोडतात आणि तोंडापासून चार बोटांवर थांबवतात. पापणी लवता कामा नये. सर म्हणतात, "जिसकी आंख झपकी, उसने उत्ती देर के वास्ते दुनिया छोड दी."

मी दहाही वेळा डोळे गच्च मिटले. शर्वरी नावाची एक चिमुरडी आहे, पुढचे दोन दात पडलेली, तीसुद्धा माझ्यापेक्षा बरी. मला म्हणते, "आंटी, तुम्ही मूठ बघूच नका ना. सरांच्या मागचं टँक बघा." मराठी घरातली आहे हे तेव्हा कळलं. टँक बघितलं, तरी झपकलेच.

८ जुलै, मंगळवार

आज लक्ष सुटलं: सकाळी दूध सांडलं. प्रमोदनं पातेलं ओट्यावर डावीकडं, अगदी कडेला ठेवलेलं. माझा कोपर लागला आणि लिटरभर दूध जमिनीवर. मी म्हटलं, "अहो, वस्तू ठेवायला काही जागा-बिगा असते की नाही?" तर म्हणतो, रोज तिथंच ठेवतो. रोज! धडधडीत खोटं बोलतो हा माणूस.

वरून हल्ली मांजरासारखा येऊन बाजूला उभा राहतो आणि मला दचकवतो. आवाज करत या म्हटलं तर म्हणे, "आत्ता बोलत बोलतच आलो की."

डाव्या दंडावर काळेनिळे डाग आहेत दोन-चार. क्लासमध्येच लागले असतील. दुकानाच्या शटरची चौकटही या महिन्यात जरा जास्तच आडवी येऊ लागलीय.

उपाय ठरवला. एका वेळी एकच काम, एकच वस्तू. समोर जे आहे तेवढंच, बाकी जगाशी संबंध नाही. सरांना सांगितलं तर खूश झाले.

२० जुलै, रविवार

आज बोनालू, देवीचा उत्सव. अर्धे रस्ते बंद, तरी केशवदादा गाडी घेऊन आलाच. माझा थोरला भाऊ, दिवाणी कोर्टात वकील, साठी उलटली तरी ड्रायव्हर ठेवणार नाही. गाडीच्या डाव्या दाराला नवा पोचा. म्हटलं, "दादा, हा कितवा?" तर उसळलाच, "अगं, या ऑटोवाल्यांना अक्कल आहे का? बाजूनं येऊन घासून जातात हौले! हॉर्न नाही, काही नाही."

माझ्या कराटेवर पोट धरून हसला. पण पापणीच्या सरावाचं ऐकल्यावर गंभीर झाला. "कर, कर. एकाग्रता पाहिजेच. नाहीतर आईसारखी होशील, वेंधळी भामा."

बिचारी आई. घरात सगळे तिला याच नावानं चिडवायचे. पाण्याचा तांब्या लवंडायची, कपाटाच्या उघड्या दारावर कपाळ आपटायची, वाढताना भाजी ताटाबाहेर. आबा म्हणायचे, हिचं चित्त कधीच थाऱ्यावर नाही. शेवटी शेवटी तर भिंत धरून चालायची. वय झालं की व्हायचंच.

आम्ही दोघं मात्र आबांवर गेलो. नजर पक्की.

२ ऑगस्ट, शनिवार

अगं बाई! आजही अक्षर वाकडं येतंय, पण आनंदानं!

पापणी हलली नाही!

झालं असं. सर आज समोरून न मारता बाजूनं मारत होते. कानशिलाच्या रोखानं, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. उजवीकडून आली की मी झपकतच होते. मग सर डावीकडून सुरू झाले आणि गच्चीवर एकदम चिडीचूप. मला वाटलं, सर दमून थांबलेत. मी आपली समोर टँककडं बघत उभी. तेवढ्यात टाळ्या! पोरं ओरडायला लागली, "आंटी नै झपके! आंटी नै झपके!" सरांनी डावीकडून एकामागून एक मुठी सोडल्या होत्या आणि माझी पापणी जागची हलली नव्हती. एवढंच काय, मला त्या मुठी जाणवल्यासुद्धा नाहीत!

सर माझ्याकडं बघतच राहिले. म्हणाले, "आपा, मैं बीस साल में ये नै देखा. मेरे उस्ताद बोलते थे, एक मुकाम आता, हमला आता और दिल कू खबर नै होती."

आपल्यात असं काही असेल यावर विश्वासच बसेना. घरी येईपर्यंत पाय जमिनीला लागत नव्हते. प्रमोदला सांगितलं तर म्हणतो, "उजवीकडून का झपकते मग?" नाट लावल्याशिवाय राहवतच नाही माणसाला. अरे, एकेक बाजू येईल ना!

७ ऑगस्ट, गुरुवार

उद्या वरलक्ष्मीव्रत. दुकानात ही गर्दी. आजचा दिवस म्हणजे माझ्या साधनेची परीक्षाच. एकेका गिऱ्हाइकाकडं असं लक्ष दिलं की आजूबाजूचा गलबला जणू पडदा ओढल्यासारखा नाहीसा झाला. पूर्वी कडेनं कोण आलं, कोण गेलं, सगळं खुपायचं. आता काही नाही. समोर एक चेहरा, एक पदर, एक शेड. किती शांत वाटतं!

एक बाई मात्र भडकल्या. "अम्मा, कब से खडी हूं, हात हिला रही हूं, एक बार देखे तक नै!" माझ्या डाव्या हाताला उभ्या होत्या म्हणे. मी त्यांना एकाग्रतेचं महत्त्व समजावून सांगितलं. तीन ब्लाउजपीस घ्यायचे होते त्यांना, न घेताच गेल्या. प्रमोदचं तोंड उतरलं. गिऱ्हाईक जाऊ दे, पण शांती म्हणजे काय हे त्याला कधी कळायचं?

३ सप्टेंबर, बुधवार

काचीगुड्याच्या आमच्या गणपतीत महिलांनी मला बोलायला लावलं! "कराटे आणि संसार." मी ठणकावून सांगितलं, घरात वस्तू सांडतात, माणसं धडकतात, बसच्या पायरीवर पाय चुकतो, हे सगळं मन भटकल्यामुळं. मन बांधा. खाली उतरताना मंडपाच्या खांबाला खांदा आपटला, पण तो खांबच मेला मधोमध रोवलेला.

दादा फोनवर म्हणाला, "शाब्बास! घराण्याचं नाव काढलंस."

येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी पिवळ्या पट्ट्याची परीक्षा. पट्टा मिळाला की तो बांधून कोठीच्या त्या बस स्टॉपवर जाऊन उभी राहणार आहे. एकटी. या म्हणावं आता.

१४ सप्टेंबर, रविवार

काय लिहू?

सुरुवात चांगली झाली. गच्चीवर पालक आले होते, प्रमोद खुर्ची टाकून बसला होता. ठोसे, लाथा, सगळं ठीक. मग शेवटचा भाग. मधे उभं राहायचं, सर कुठल्याही बाजूनं येतील, वळून हात अडवायचा. थांबवलेली मूठ नाही, खरी मूठ. अडवली नाही तर लागणार. सर सगळ्यांना म्हणाले, आपाकू देखो, ध्यान किसकू बोलते देखो.

समोरून आले, अडवलं. उजवीकडून आले, अडवलं.

मग काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला आणि मी जमिनीवर होते. डावा गाल बधिर, तोंडात रक्ताची चव. मला कळेचना कोण पडलं. वर बघते तर सर गुडघ्यावर बसलेले, पांढरेफटक. "आपा! हटे कैकू नै? मैं आवाज देके आया, इत्ता आहिस्ता आया! बच्ची बी रोक लेती!"

मी म्हटलं, "कधी आलात?"

सर माझ्या तोंडाकडं बघत राहिले. आयुष्यात मी कुठल्या माणसाचा चेहरा असा बदलताना पाहिला नाही. मला खुर्चीवर बसवलं, म्हणाले, सामने देखो, टँक कू, और मेरी उंगली दिखी तो बोलो.

मी टँककडं बघत बसले. कुणी काही बोलेना. मी म्हटलं, "सर, सुरू करा की."

शर्वरीचा बारीक आवाज आला, "आंटी, बोट केव्हाचं तुमच्या कानापाशी आहे."

मग ते बोट पुढं पुढं येत असणार. मला दिसलं तेव्हा ते जवळजवळ माझ्या नाकासमोर होतं. गच्चीवर एवढी माणसं, आणि सगळ्यांना ते बोट दिसत होतं. मला सोडून सगळ्यांना.

प्रमोद उभा होता. त्याच्या हातातली माझी पाण्याची बाटली निसटून खाली पडली, घरंगळत डावीकडं गेली आणि मला दिसेनाशी झाली.

१५ सप्टेंबर, सोमवार

दुकान बंद. मी एकेक डोळा झाकून बघत बसलेय. उजवा झाकला की खोली नाहीच. नुसती एक भोकाएवढी जागा, आणि त्यात कॅलेंडरवरचा पंधरा आकडा. स्पष्ट. अगदी स्पष्ट.

१७ सप्टेंबर, बुधवार

डोळ्यांच्या दवाखान्यात सकाळपासून दुपार झाली. एका यंत्रात हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडं बघायचं आणि कडेला बारीक उजेड चमकला की बटण दाबायचं. मी बटण धरून बसले. एकही उजेड नाही. मी ओरडले, "अहो, मशीन बंद आहे तुमचं!" ती पोरगी म्हणाली, चालू आहे अम्मा.

चालू आहे! एक डोळा उघडा ठेवून मी चालू यंत्राला बंद म्हणत होते.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, तेलुगू आहेत, तोडकं हिंदी आणि बरंच इंग्रजी. मला कळलं ते असं. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस वाळत जाते. कडेकडेनं वाळते, मधलं शेवटी जातं. दुखत नाही, खुपत नाही. डावा जवळजवळ गेलाय. उजव्यातही सुरू झालंय.

मी म्हटलं, "पण मी रंग ओळखते! काल-परवापर्यंत रामा आणि मोरपंखी वेगळे काढले मी!"

त्या म्हणाल्या, ते मधल्या नजरेचं काम, ती अजून आहे. म्हणूनच तुम्हाला समजलं नाही.

मी विचारलं, "मग कडेला काळं का दिसलं नाही? काहीतरी दिसायचंच की मला. रस्ता, दुकान, सगळं."

म्हणाल्या, मेंदू रिकामी जागा स्वतःच भरून काढतो.

म्हणजे मी बघत होते ते काय होतं? कोण बघत होतं? ती शांती, तो पडदा ओढल्यासारखा गलबला नाहीसा होणं. मी मंडपात उभी राहून बायकांना शिकवून आले, मन बांधा म्हणून!

प्रमोदनं एकच विचारलं, "परत येईल?" बाईंनी मान हलवली. गेलेलं येत नाही. उरलेलं राहील, रोज ठरल्या वेळी थेंब घातले तर. एकही दिवस न चुकता, जन्मभर.

निघताना त्यांनी विचारलं, घरात कुणाला होतं?

मी नाही म्हटलं. जिन्यापर्यंत आले आणि मला कपाटाचं उघडं दार दिसलं. आईचं कपाळ.

मी जिन्यातच बसले. आई, तू वेंधळी नव्हतीस गं! तुला दिसतच नव्हतं, आणि आम्ही घरभर तुला नावं ठेवत होतो. तुलाही वाटत होतं की तुझंच चित्त थाऱ्यावर नाही.

प्रमोद शेजारी बसला. तो रडत होता का, माहीत नाही. डावीकडं बसला होता.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

दादाला फोन केला. बाईंनी बजावून सांगितलंय, सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यायलाच पाहिजे. सगळं ऐकून, आईचं ऐकून त्याला धक्का बसला. मग म्हणाला, "अगं, पण मला काय झालंय? चष्मा न लावता पेपर वाचतो मी. खामोखा घाबरवू नकोस. दसऱ्यानंतर बघू."

२८ सप्टेंबर, रविवार

खरी फजिती तर आता. थेंब घालायला डोळा उघडा धरायचा असतो आणि मी झपकते! बाटली दिसली की झपकते. थेंब गालावरून गळ्यात. प्रमोद आधी हसला, मग मीही हसले.

सकाळी सहाला आणि रात्री नवाला त्याचा गजर वाजतो. दुकानात असो, कुणाच्या लग्नात असो, हातातलं टाकून उठतो. आज गिऱ्हाइकाला तसंच उभं ठेवलं त्यानं. मी म्हटलं, "अहो, गिऱ्हाईक!" म्हणाला, "एका वेळी एकच काम. तूच शिकवलंस ना?"

बाहेर निघालं की न बोलता माझ्या डावीकडं येतो. इतकी वर्षं उजवीकडून चालायचा. आणि दुधाचं पातेलं तो रोज तिथंच ठेवत होता. त्याला खोटारडा म्हटलं होतं मी.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

युसूफ सर घरी आले. माझ्या गालाकडं बघून त्यांना बसवेना. म्हणाले, "गुनाह मेरा है आपा. मैं अंधेपन कू मुकाम समझा." मी म्हटलं, सर, तुमची मूठ बसली म्हणून निदान उजवा तरी वाचणार आहे. त्यांचा धीर परत आणायला मला चहा दोनदा करावा लागला.

संध्याकाळी त्यांच्याबरोबर गच्चीवर गेले. पोरांना माझ्याकडं बघवेना. सरांनी मला मधे उभं केलं आणि उजवीकडून मूठ सोडली. मी झपकले. वाईट सवय, ओशाळले. तर सर पोरांकडं वळून मोठ्यानं ओरडले, "झपके! दिख रा उनकू! बजाओ ताली!"

आणि पोरांनी काय टाळ्या वाजवल्या! शर्वरी तर उड्या मारत होती. मी परत उभी राहिले, परत झपकले. परत टाळ्या. बावन्न वर्षांची बाई गच्चीवर उभी राहून डोळे मिचकावतेय आणि रडतेय.

आता घरी हा नेमच झालाय. सकाळी थेंब घातले की प्रमोद उजवीकडून हात आणतो. मी झपकते. तो म्हणतो, "आहे." मग चहा.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

दादा आणि वहिनी आले. दसरा गेला, दिवाळी गेली, तपासणी काही झाली नाही. "कोर्टाच्या तारखा, अगं." येताना नारायणगुड्याच्या चौकात कुणा स्कूटरवाल्या पोराला घासली म्हणे गाडी. डावीकडून. पोरगं वाचलं, खरचटलं फक्त. वहिनी सांगताना अजून कापत होती. दादा म्हणाला, "आंधळी असतात ही पोरं."

मी निरांजन लावलं. पाट मांडला, दादाला बसवलं, डोक्यावर टोपी. कुंकू लावलं, अक्षता लावल्या, तबक घेऊन ओवाळायला लागले. ज्योत त्याच्या उजवीकडं गेली की डोळे तिच्यामागं जायचे. डावीकडं गेली की तिथंच थांबून राहायचे, तबक परत येईपर्यंत.

मी तबक खाली ठेवलं.

"दादा, समोर बघ. देवाच्या फोटोकडं."

"हे काय नवीन?"

"बघ म्हणते ना."

मी त्याच्या डाव्या कानशिलाच्या रोखानं मूठ सोडली आणि चार बोटांवर थांबवली. पापणी हलली नाही. परत सोडली. नाही. उजवीकडून सोडली, झपकला. डावीकडून परत.

नाही हलली.

"कर की सुरू," दादा फोटोकडं बघत म्हणाला.

वहिनीला वाटलं, ही काहीतरी गंमत. तिनं टाळ्या वाजवल्या. "अगं बाई, त्रिवेणीताई, एवढ्या मुठी सोडल्या तुम्ही आणि हे ढिम्म!"

"हो का?" दादाचा चेहरा खुलला. "बघितलंस? क्लासला न जाता! अगं, आपल्या घराण्यातच आहे ती एकाग्रता!"

दादाच्या डावीकडं, स्वयंपाकघराच्या दारात, प्रमोद "करंज्या घ्या" म्हणत ताट घेऊन आला होता. त्यानं ताट हळूच खाली ठेवलं.

हाच चेहरा मी त्या शनिवारी गच्चीवरून घेऊन घरी आले होते. हाच आनंद.

दादानं खिशात हात घातला. "बोल, काय पाहिजे ओवाळणी? आज मागशील ते."

"गाडीची किल्ली," मी म्हटलं.

"आँ?"

"मागशील ते म्हणालास ना? किल्ली ठेव तबकात."

"वेडी का काय तू? घरी कसे जाऊ आम्ही?"

"आज ऑटोनं. उद्या सकाळी मी आणि हे येतो, तुला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन जायला. दादा, मी डावीकडून तीन वेळा मूठ आणली. एक तरी दिसली तुला?"

तो हसायला गेला. मग वहिनीकडं बघितलं. वहिनीच्या टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. त्यानं सावकाश मान डावीकडं वळवली, अगदी पूर्ण, आणि तिथं दारात उभ्या असलेल्या प्रमोदला बघून दचकला.

"तू केव्हा आलास?"

"मघाशीच आलो, दादा. बोलत बोलतच आलो."

मग दादानं किल्ली काढली आणि तबकात, निरांजनाजवळ ठेवली. मी ती उचलून कमरेला खोचली, आणि त्याला करंजी भरवली. त्याला गिळवेना.

रात्री त्यांना ऑटोत बसवायला आम्ही रस्त्यापर्यंत गेलो. दादाच्या डावीकडून मी चालले, आणि माझ्या डावीकडून प्रमोद.